हेमंतातला पाहुणा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वडोदऱ्यात मांडवीपासून गेंडी गेटपर्यंत पतंगांचे ढीग दिसू लागतात आणि मांजा रंगविणाऱ्यांची लगबग सुरू होते. त्याच दिवसांत शहरातील दुकानांच्या दारांत लाल टोपीचा, कापसाच्या दाढीचा एक हसरा म्हातारा उभा असतो. त्याची पाठवणी होते न होते तोच दांडिया बाजारातील मराठी घरांत तीळ निवडले जातात, सुगडी आणली जातात. नाताळ आणि संक्रांत हे दोन सण अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने येतात. त्यांचे धर्म निराळे, कथा निराळ्या. तरीही ऐन थंडीत कोणी दूरचे येते आणि त्या निमित्ताने माणसे एकमेकांच्या हातावर काही ठेवतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. हा पाहुणा कोण, आणि तो आला कोठून?

लाल टोपीच्या म्हाताऱ्याचे नाव सांगते ते एवढेच की, तो एके काळी बिशप होता. चौथ्या शतकात, आज तुर्कस्तानात असलेल्या मायरा या नगरीत, निकोलस नावाचा धर्माध्यक्ष होऊन गेला. 1087 मध्ये त्याच्या अस्थी इटलीतील बारी या बंदरात नेण्यात आल्या आणि त्याची कीर्ती पश्चिम युरोपभर पसरली. 6 डिसेंबर हा त्याचा सण. डच लोकांनी त्याच्या नावाचे ‘सिंटरक्लास’ केले आणि अमेरिकेत त्याचे ‘सांताक्लॉज’ झाले. 1823 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात एक निनावी कविता छापून आली. आठ सांबरांची घसरगाडी त्याला त्या कवितेने दिली. पुढे टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याचे पोट वाढविले आणि दाढी भरघोस केली. बिशपची उंच टोपी गेली, लोकरीची टोपी आली.

परंतु हा म्हातारा मूळचा ख्रिस्ती नव्हेच, तो उत्तरेकडील जुन्या ओडिन देवाचा अवतार होय, असेही पुष्कळदा ठामपणे सांगितले जाते. ओडिन दाढीवाला, आठ पायांच्या घोड्यावर बसणारा. हिवाळ्यातील ‘यूल’ या उत्सवाशी त्याचे नाव जोडलेले. साम्य डोळ्यांत भरते खरे. मात्र ओडिनचा घोडा आणि निकोलसचा घोडा यांच्यामधली शतके जोडणारा लेखी पुरावा जवळजवळ नाही. याहून भक्कम पुरावा रोमचा आहे. तेथे 17 डिसेंबरपासून शनिदेवाचा उत्सव चाले. त्यात धनी आपल्या गुलामांना पंक्तीला बसवीत आणि लोक एकमेकांना मेणबत्त्या व मातीच्या लहान बाहुल्या भेट देत. सम्राट ऑरेलियनने 274 मध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले. 354 सालच्या एका रोमन पंचांगात 25 डिसेंबरला त्या सूर्याचाही जन्मदिवस नोंदलेला आहे आणि ख्रिस्ताचाही. कोणी कोणाचा दिवस घेतला याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण एकाच हिवाळी अंगणात दोन्ही दिवे लावले गेले, एवढे निश्चित.

युरोपच्या खेड्यापाड्यांत तर या दिवसांत येणारी सर्वच मंडळी हसरी नसत. आल्प्स पर्वताच्या परिसरात नाताळनंतरच्या बारा रात्रींत पेर्श्टा नावाची बाई घरोघर फिरते, अशी समजूत होती. सूत कातून संपविणाऱ्या मुलीला ती नाणे देई आणि आळशी मुलीचे पोट फाडून त्यात पेंढा भरी. निकोलसच्या मागोमाग शिंगे असलेला क्रांपुस साखळ्या वाजवीत येई. इटलीतील बेफाना ही म्हातारी 5 जानेवारीच्या रात्री झाडू घेऊन येते. चांगल्या मुलाला मिठाई आणि खोडकराला कोळसा ठेवून जाते. धान्याची कोठारे निम्मी रिकामी, रात्र लांब आणि दाराबाहेर बर्फ! अशा वेळी जो येतो तो काही देणार की नेणार, हे कोणाला ठाऊक? या सर्व आकृतींचे मूळ एखाद्या देवापेक्षा या भयातच शोधावे हे अधिक बरे.

हे भय मराठी माणसाला परके नाही. आपली संक्रांतदेवी काही नाताळबाबासारखी प्रेमळ नव्हे. तिने संकरासुराला मारले आणि दुसऱ्या दिवशी किंकरासुराला. त्या दुसऱ्या दिवसाला आपण किंक्रांत म्हणतो आणि शुभकार्याला तो वर्ज्य मानतो. पंचांगात दरवर्षी तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, ती काय खाते आणि कोणत्या दिशेकडे पाहते, हे छापलेले असते. ती जे ल्याली किंवा जे खाते ते महाग होणार, ही जुनी समजूत. ‘अमक्यावर संक्रांत आली’ असे आपण म्हणतो तेव्हा अभिप्रेत असते ते संकटच. आणि नेमक्या याच दिवशी आपण तीळगूळ वाटून गोड बोलण्याचे वचन मागतो! बोरन्हाणात लहानग्याला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततात, आणि ते वेचायला शेजारची सारी मुले झेपावतात. भयाला दिलेले उत्तर म्हणजे हे वाटणे होय.

दोन्ही सणांचे आकाशही एकच आहे. ज्युलियस सीझरच्या पंचांगात 25 डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस मानला जाई. सूर्याचा मकर राशीतील प्रवेशही सुमारे सतराशे वर्षांपूर्वी त्याच लहान दिवसाच्या सुमारास होत असे. पुढे पंचांगांच्या निरनिराळ्या गणितांमुळे दोन्ही सण त्या दिवसापासून दूर सरकले. संक्रांत तर सुमारे बहात्तर वर्षांनी एक दिवस या गतीने अजूनही सरकत आहे. खरा लहान दिवस आज 21 किंवा 22 डिसेंबरला येतो. नाताळ आणि संक्रांत या सूर्याच्या परतीच्या एकाच वाटेवरच्या दोन धर्मशाळा आहेत.

मग मूळ असे जुने, ख्रिस्तपूर्व किंवा लौकिक निघाले म्हणून सणाला कमीपणा येतो काय? कमळाचे मूळ चिखलात असते म्हणून कोणी कमळ टाकून देत नाही. पाहावयाचे ते हे की, जुन्या भयात नवे काय मिसळले. निकोलसच्या चरित्रांतून सांगितली जाणारी एक कथा येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. एका गृहस्थाला तीन मुली होत्या. त्याला दारिद्र्य आले, हुंड्याला पैसा उरला नाही, आणि मुलींना वाममार्गाला लावण्याचा विचार त्याच्या मनात आला. निकोलसला हे कळले. त्याने रात्री खिडकीतून सोन्याची एक थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. पुन्हा एक थैली आली, दुसरीचे झाले. तिसऱ्या खेपेस बाप जागत बसला आणि धावत जाऊन त्याने दात्याला गाठले. तेव्हा निकोलसने त्याच्याकडून एकच शपथ घेतली: ‘मी जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस.’ हुंड्यापायी लेकी गमावलेल्या आपल्या समाजाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

गुजरातेत उत्तरायणाला तिळाच्या लाडवात नाणे दडवून देण्याची चाल आहे. तिला गुप्तदान म्हणतात. देणाऱ्याने दाखवू नये आणि घेणाऱ्याने लाजू नये, हा तिचा अर्थ. मायराचा बिशप आणि लाडू वळणारी आजी या ठिकाणी एकमेकांना ओळखतात.

जुने भय मात्र वेश पालटून परत येऊ शकते. ‘चांगल्या मुलालाच बाबा भेट देतो’ असे आपण घरात सांगतो. एका मुलाला सायकल मिळते, शेजारच्या मुलाला दोन गोळ्या. तो दुसरा मुलगा शाळेत येऊन विचारतो, ‘मी वाईट वागलो का?’ त्याला काय उत्तर द्यावयाचे? बापाच्या खिशाचे माप त्याने आपल्या गुणांचे माप समजले. तीच गोष्ट वाणाची. हळदीकुंकवाला सारी आळी जमते आणि त्याच आळीतील विधवा भगिनी दाराआड राहते. तिच्यापुरती ती देवी अजूनही नेणारीच राहिली.

पाहुणा कोठून आला हा प्रश्न विद्वानांनी सोडवावा. तो घरात कसा वागतो, हे मात्र आपल्या हाती आहे. मुलाला वर्तनाचा हिशेब न विचारता भेट द्यावी. वाण देताना कपाळाकडे पाहू नये. आणि एखाद्या गरजू दारी काही ठेवावयाचे असेल तर ते रात्री ठेवून मुकाट्याने परतावे. लहान दिवस सरतो आणि सूर्य परतीच्या वाटेला लागतो, तोही कोणाचे कपाळ पाहून ऊन देत नाही.