वाचलं जाणारं प्रत्येक नाव

दरवर्षी २१ ऑक्टोबरला मुंबईत नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर मानवंदना होते. ‘शोकशस्त्र’चा हुकूम सुटतो, बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. वाचन लांबतं. लांबू द्यावं. एरवी या माणसांचं नाव मोठ्यानं घेतं कोण?

ही तारीख लडाखची. १९५९ साली हॉट स्प्रिंग्जच्या भागात टेहळणीला गेलेली एक तुकडी परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, अधिकारी करमसिंग जवानांना घेऊन शोधाला निघाले. चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला आणि दहा पोलीस ठार झाले. त्यांचे देह चीननं परत केले ते १३ नोव्हेंबरला. तिथंच त्यांना अग्नी दिला गेला. तेव्हा सीमेवर पहारा पोलिसांचा होता, हे आज बहुतेकांच्या ध्यानातही नसतं. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहायला मात्र २०१८ साल उजाडलं. तिथल्या शौर्यभिंतीवर तेव्हाच चौतीस हजारांवर नावं कोरलेली होती.

महाराष्ट्राला त्यातलं एक नाव पाठ आहे. तुकाराम ओंबळे, सहायक पोलीस उपनिरीक्षक, साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, आधी लष्करात होते. मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत त्यांच्या हाती होती फक्त लाठी. अडवलेल्या स्कोडा गाडीतून उतरणाऱ्या दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरल्या तरी पकड सुटली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी लोळवलं. एक हल्लेखोर जिवंत सापडला, म्हणून कटाचा माग कराचीपर्यंत लागला. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळालं, तो मान त्यांचाच होता. पण रायफलीसमोर लाठी घेऊन माणूस का उभा होता, हा प्रश्न पदकानं मिटत नाही. हार घालणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला तो विचारलाच पाहिजे.

गडचिरोलीचं दुःख मुंबईपर्यंत फार क्षीण पोचतं. एकट्या २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथं नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मिळून चाळीसहून अधिक पोलीस गेले. पुढं १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला भूसुरुंगानं गाडी उडवली. नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, तिकडे शीघ्र कृती दलाचे जवान निघाले होते. गाडी खाजगी होती. पंधरा पोलीस गेले आणि त्यांच्यासोबत गाडीचा चालकही.

तो चालक खात्यातला नव्हता. त्याला ना गणवेश होता, ना बिल्ला. पण जवानांना घेऊन तो त्याच रस्त्यानं निघाला होता. जांभूळखेड्याची आठवण काढताना पंधरा म्हणून थांबू नये. सोळा म्हणावं आणि त्या सोळाव्याचं नावही तितक्याच मोठ्यानं वाचावं.