शेवाळ समजून जे घासलं, ते काय होतं?

आजची गोष्ट मेहकर तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या विहिरीची.

पावसाळ्यात तिच्या आतल्या दगडांवर हंसराज उगवतो. काळी चकचकीत देठं, नाजूक पानं. हा नेचा, म्हणजे फर्न. त्याला ना फूल, ना बी. पानामागं धुळीसारखे बीजाणू असतात, ते ओल्या दगडावर पडतात. पण त्यातून लगेच हंसराज येत नाही बरं का! आधी येते नखापेक्षा लहान, पातळ हिरवी चकती. नर आणि मादी अवयव येतात ते या चकतीवर. नरपेशी पोहत मादीपेशीकडं जाते, म्हणून पाणी लागतंच. आणि आपल्या बुलढाण्यात भिंतीवरची ओल टिकते किती दिवस?

म्हणजे वेळ कमी. इथं संप्रेरक कामाला येतं.

अनेक नेच्यांत आधी वाढलेली चकती एक रसायन बाहेर सोडते, अँथेरिडिओजेन. द्राक्षबागायतदार जे 'जीए' फवारतात ना, त्या जिबरेलिनच्याच घराण्यातलं. ते ओलाव्यातून शेजारी पोचतं. मागून उगवलेल्या चकत्या मग मोठं होत बसत नाहीत, लहान असतानाच नर होतात. मोठीकडं मादीपेशी, लहानांकडं नरपेशी. दोन वेगळ्या चकत्यांचं मीलन झालं, तर पुढच्या रोपांत विविधता येते.

1950 मध्ये डॉप या जर्मन शास्त्रज्ञानं हा परिणाम दाखवला. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी एका वेलनेच्यात त्यामागची युक्ती उलगडली. मोठी चकती संप्रेरक अर्धवटच बनवते, शेवटच्या पायऱ्या लहान चकतीत पूर्ण होतात. म्हणून मोठी स्वतः नर होत नाही. जणू अर्ध्या स्वयंपाकाचा डबा शेजारी पाठवला, फोडणी त्यांनी द्यायची!

आता माझी चूक सांगतो. मागच्या वर्षी विहिरीची एक बाजू मी तारेच्या ब्रशनं लख्ख घासली. बाबा म्हणाले, "राहू दे ना रे, काय बिघडलं तुझं?" मी ऐकलं नाही. यंदा त्या बाजूला एकही हंसराज नाही. समोरच्या भिंतीवर मात्र भरगच्च.

मी शेवाळ समजलो होतो. त्यात या चकत्याही असणार.

तर पावसाळ्यात जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर, ओल्या भिंतीवर मोबाईलचा टॉर्च मारून बघा. वाकू नका, जपून! हिरवी चकती दिसली तर फोटो काढा, आणि तेवढी जागा घासायची सोडून द्या.

भेटू पुढच्या भागात.