पथ्याचे स्वयंपाकघर

आहारतज्ज्ञाचा व्यवसाय आज ज्या रूपात ओळखला जातो, ते रूप त्याला साधारण १८९० ते १९२० या तीस वर्षांत आले आणि त्यातला बराचसा भाग अमेरिकेतल्या बोस्टन या एका शहरात घडला. या घडणीत रसायनशास्त्रज्ञांचा आणि विद्यापीठांचा वाटा होताच; पण व्यवसाय उभा करणाऱ्यांपैकी काही जण त्याकडे वळले ते घरच्या आजारपणामुळे. एकीचे स्वतःचे पांगळेपण, दुसऱ्याच्या आईचा मधुमेह. एखाद्या व्यवसायाच्या इतिहासात अशी कारणे सहसा तळटीपेत जातात. आहारशास्त्राच्या बाबतीत ती मुख्य मजकुरात घ्यावी लागतात. रुग्णाने काय खायला हवे हा एक प्रश्न आणि तो काय खाईल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते, दुसऱ्याची जाण बहुतेकांना घरातच येते.

रुग्णाच्या जेवणाकडे वैद्यकाचे दुर्लक्ष होते, असे म्हणता येत नाही. पथ्य ही कल्पना सर्व जुन्या वैद्यकपरंपरांत आहे. मात्र पथ्य सांगणारा वेगळा आणि रांधणारा वेगळा, अशी वाटणी पक्की होती. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ साली, लंडनचा नामांकित आचारी अलेक्सिस सॉयर स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेला आणि त्याने तिथल्या मुदपाकखान्याची घडी बसवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पुढे शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या खाण्याला स्वतंत्र प्रकरणे दिली. अन्न समोर असूनही केवळ ते कसे आणि केव्हा द्यावे याकडे लक्ष नसल्यामुळे रुग्ण उपाशी राहतात, ही त्यांची तक्रार होती. ज्या मांसाच्या पातळ सुपावर त्या काळी सगळ्यांचा भरवसा होता, त्यात पोषण किती थोडे असते, हेही त्यांनी दाखवून दिले.

फॅनी फार्मर यांचा जन्म १८५७ साली बोस्टनमध्ये झाला. चार बहिणींत त्या थोरल्या. वडील मुद्रणव्यवसायात होते आणि मुलींनी कॉलेजात शिकावे असा घरचा आग्रह होता. सोळाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तो पोलिओ असावा, असेही आता काही जण मानतात. निदान काहीही असो, परिणाम एकच झाला: काही वर्षे चालणे बंद, शिक्षण बंद, आणि आयुष्यभराचे लंगडणे. घरात बसल्या बसल्या करता येण्याजोगे काम म्हणजे स्वयंपाक. घरच्यांनी जेवणाखाण्यासह खोल्या भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि तिथल्या जेवणाचे नाव झाले. वयाच्या तिशीत फार्मर यांनी बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये नाव घातले. १८८९ साली शिक्षण पूर्ण झाले, शाळेने त्यांना ठेवून घेतले आणि काही वर्षांतच त्या शाळेच्या प्रमुख झाल्या.

१८९६ साली त्यांचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. लिटल, ब्राऊन या प्रकाशकाला त्याचा इतका थोडा भरवसा होता, की पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च लेखिकेनेच सोसावा, अशी अट त्यांनी घातली. पुढे या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. तोवरच्या अमेरिकन पाककृतींत ‘अंड्याएवढे लोणी’ किंवा ‘शिगोशीग चमचा’ अशी मापे सर्रास असत. मराठी घरांतली लिंबाएवढी चिंच त्याच जातीची. फार्मर यांनी ठरावीक आकाराचा कप आणि चमचा घ्यायला लावला, आणि वरचा ढीग सुरीने सपाट करून मगच माप धरायला शिकवले. घरच्या रोजच्या स्वयंपाकाला याची फारशी गरज नसते. सरावलेल्या हाताला अंदाज पुरतो. आजाऱ्याच्या जेवणात मात्र तोच अंदाज घातक ठरू शकतो. काल किती पीठ पोटात गेले हे ठाऊक नसेल, तर आज लघवीत साखर का वाढली हे कळणार कसे? पुस्तकाच्या आरंभीच अन्नातले घटक आणि त्यांचे शरीरातले काम यांची माहिती आहे.

१९०२ साली फार्मर यांनी स्वतःची शाळा काढली आणि १९०४ साली रुग्ण व बरे होत असलेल्यांच्या आहारावरचे पुस्तक लिहिले. प्रसिद्धी पहिल्या पुस्तकाला मिळाली, तरी त्यांना स्वतःला महत्त्वाचे वाटे ते हे दुसरे. त्यात मुलांचा आहार आहे, पेज आणि सुपे आहेत, मधुमेह्यांसाठी वेगळ्या पाककृती आहेत. शिवाय आजाऱ्याचे ताट कसे मांडावे याची बारीक चर्चा आहे. ताटावरचे स्वच्छ कापड, थोडेथोडे वाढणे, गरम ते गरम आणि गार ते गार देणे या गोष्टी वाचताना कोणाला पाहुणचाराचे प्रकरण वाचत आहोत असे वाटेल. स्वतः कितीतरी महिने अंथरुणात काढलेल्या बाईने ते लिहिले आहे हे ध्यानात घेतले, की त्यातला एकही तपशील फाजील वाटत नाही. त्यांनी परिचारिकांना शिकवले, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाहारावर व्याख्याने दिली. अखेरच्या वर्षांत पुन्हा झटके आले तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून त्या बोलत. जानेवारी १९१५ मध्ये त्या वारल्या. शेवटचे व्याख्यान त्याच्या थोडेच दिवस आधी झाले होते.

नुसत्या शास्त्राच्या जोरावर काय होते, याचा प्रयोगही याच शहरात झाला. रसायनशास्त्रज्ञ एलेन रिचर्ड्स यांनी १८९० साली बोस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन सुरू केले. गरीब वस्तीला स्वस्त, तोलूनमापून शिजवलेले, पौष्टिक अन्न विकावे, असा हेतू. सूप, कडधान्ये, मक्याची खीर असे पदार्थ ठरले. हिशेब चोख होता, स्वच्छता वादातीत होती. गिऱ्हाईक मात्र फिरकले नाही. आयर्लंड, इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांना न्यू इंग्लंडच्या जुन्या रहिवाशांची ती मिळमिळीत चव नको होती. त्यांना आपले तेच हवे होते. रिचर्ड्स यांचे काम वाया गेले, असे मात्र नाही. त्याच स्वयंपाकघरातून १८९४ पासून बोस्टनच्या माध्यमिक शाळांना दुपारचे जेवण जाऊ लागले.

एलियट जॉस्लिन हे बोस्टनचेच डॉक्टर. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ते एका वहीत ठेवत, आणि त्या वहीच्या पहिल्याच काही नोंदींत त्यांच्या स्वतःच्या आईची नोंद आहे. तेव्हा इन्शुलिन नव्हते. उपचार म्हणजे आहार, आणि आहार म्हणजे पिष्टमय पदार्थांना जवळपास बंदी. आईला उतारवयात मधुमेह झाला. तिने पथ्य कसोशीने पाळले आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ जगली. मुलाच्या मनावर याचा परिणाम झाला नसता तरच नवल. फॅनी फार्मर यांच्यामुळे आपल्याला या विषयात लिहिण्याची प्रेरणा मिळाली, असेही जॉस्लिन यांनी पुढे सांगितले. त्यांचा मधुमेहावरचा मोठा ग्रंथ १९१६ साली आला. १९१८ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली, ती डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी. आपला आजार रुग्णाने स्वतः शिकावा, अन्न स्वतः तोलावे, लघवी स्वतः तपासावी, हा त्यांचा आग्रह तेव्हा अनेक डॉक्टरांना रुचण्यासारखा नव्हता.

पण आईच्या अनुभवात एक फसगतही दडलेली होती. उतारवयातला मधुमेह आणि लहान मुलांचा मधुमेह हे वेगळे आजार आहेत, हे तेव्हा नीट उलगडलेले नव्हते. ज्या पथ्याने वयस्क बाई दशकभर तगली, त्याच पथ्याने दहा वर्षांचे मूल तगत नसे. त्याचे मरण फार तर काही महिने, क्वचित एकदोन वर्षे लांबे. १९१४ नंतर फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत आली आणि जॉस्लिन यांनीही ती स्वीकारली. भाज्या तीनतीनदा उकळून पाणी फेकायचे, म्हणजे उरलेसुरले पिष्टही निघून जाते, असे त्या काळचे शिजवणे होते. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला इन्शुलिनचा शोध लावणाऱ्या डॉक्टर बँटिंग यांच्याकडे पोचली, तेव्हा पंधराव्या वर्षाला टेकलेल्या त्या मुलीचे वजन जेमतेम २० किलो होते. तीन वर्षे तिच्यासोबत राहून तिचा घास न् घास तोलणारी एक परिचारिका होती, म्हणूनच ती इन्शुलिन येईपर्यंत जगली. पुढे ती १९८१ पर्यंत जगली. घरच्या एका रुग्णाचा अनुभव प्रेरणा म्हणून मोलाचा. पुरावा म्हणून त्याची किंमत थोडी.

शास्त्र आणि घरचा अनुभव या दोन्ही वाटा जुळवण्याचे श्रेय फ्रान्सिस स्टर्न यांना द्यावे लागेल, आणि इतिहासात त्यांना मिळालेली जागा त्या मानाने अपुरी आहे. जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबात १८७३ साली बोस्टनमध्ये जन्मलेल्या स्टर्न यांनी काही काळ रिचर्ड्स यांच्या हाताखाली काम केले होते. १९१८ साली त्यांनी बोस्टन डिस्पेन्सरीत आहाराचे बाह्यरुग्ण केंद्र सुरू केले. येणारे बहुतेक रुग्ण गरीब स्थलांतरित. त्यांना छापील तक्ता हातात देण्याऐवजी घरी काय शिजते, कोण शिजवते, बाजारातून काय परवडते, सणाला काय लागते, हे विचारून त्या जेवणातच पथ्य बसवायचे, ही तिथली रीत. इटालियन बाईला पास्ता सोड म्हणायचे नाही. किती आणि कशाबरोबर, ते ठरवायचे. आज कोणत्याही रुग्णालयातला आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीत कालच्या दिवसभरात काय काय खाल्ले, हे विचारतो, त्यामागे हीच दृष्टी आहे.

दरम्यान १९१७ साली क्लीव्हलँडमध्ये अमेरिकन डायटेटिक असोसिएशनची स्थापना झाली. महायुद्ध सुरू होते, अन्न जपून वापरायचे होते, लष्करी रुग्णालयांना प्रशिक्षित माणसे हवी होती. इन्शुलिन आल्यावर आहारतज्ज्ञाचे काम संपेल असे कोणाला वाटले असेल, तर झाले उलटेच: आता सुईतले औषध आणि ताटातले अन्न यांचा मेळ रोज घालायचा होता.

भारतात या शास्त्राचा पाया आधी प्रयोगशाळेत घातला गेला. कुन्नूर येथील संशोधन केंद्रातून १९३७ साली ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. ते केंद्र पुढे हैदराबादला गेले आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाले. कुन्नूरलाच काम केलेल्या कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि नंतर मुंबईत नीरा, डाळी अशा साध्या अन्नांवर संशोधन केले. त्यांच्या मागे घरातले आजारपण नव्हते. वडील रसायनशास्त्रज्ञ होते. तरी ‘आहार-गाथा’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले, आणि त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांनी ‘खमंग’ लिहिले. एकाच घरातून अन्नाचे रसायन आणि अन्नाची चव या दोन्हींवर लेखन व्हावे, हा योग दुर्मीळच.

महाराष्ट्रात या व्यवसायाची नेहमीची वाट गृहविज्ञानाच्या पदवीतून जाते. मुंबईत एस. एन. डी. टी. विद्यापीठ आणि १९५५ साली सुरू झालेले निर्मला निकेतन यांनी अनेक पिढ्या घडवल्या. पदवीनंतर आहारशास्त्राची पदविका किंवा पदव्युत्तर पदवी, रुग्णालयातील उमेदवारी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा असा क्रम असतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात पोषणशास्त्राचे व्यावसायिकही आले आहेत. आजोबांचा मधुमेह, आईचे डायलिसिस, धाकट्याची गव्हाची ॲलर्जी अशी कारणे या अभ्यासक्रमाला येणाऱ्या मुलींकडे, आणि आता मुलांकडेही, असतात.

घरून आणलेल्या या शिदोरीतले बरेच काही शिक्षणात टाकून द्यावे लागते. अशक्तपणाला शहाळे आणि फळांचा रस, हे घरोघरचे ज्ञान. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला त्यातले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवण्याइतके चढू शकते. कमी सोडियमचे म्हणून आणलेले मीठही अनेकदा पोटॅशियमचेच असते. उपासाला हलके म्हणून खाल्लेली साबुदाण्याची खिचडी मधुमेह्याच्या रक्तात साखर झपाट्याने वाढवते, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. टिकते ते वेगळेच: आजारी माणूस पथ्य चोरून का मोडतो, स्वयंपाक करणारी बाई दोन वेगळ्या भाज्या करायला का कंटाळते, आणि एकाच्या आजारापायी सगळ्या घराचे जेवण बेचव झाले की चिडचिड कोणावर निघते, याची समज. ती परीक्षेत विचारली जात नाही.

सल्ल्याच्या खोलीत ही समज अगदी साध्या प्रश्नांतून दिसते. ‘तेल किती वापरता?’ याला ‘कमीच’ हे ठरलेले उत्तर. जाणता आहारतज्ज्ञ म्हणून महिन्याला घरात किती लिटर तेल येते आणि जेवणारी माणसे किती, एवढेच विचारतो. पाच माणसांच्या घरात पाच लिटर येत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम पडतात. वाटी म्हणजे किती, हेही तो आधी आपल्या टेबलावरची वाटी दाखवून ठरवून घेतो, कारण एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीच्या दुप्पट असू शकते.