माशी, ठिपका आणि विजेरी

बंदुकीच्या नळीच्या टोंकाशीं जो बारीक दाणा असतो त्याला आपल्या भाषेंत 'माशी' म्हणतात. मागची खांच, पुढची माशी आणि लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आलीं म्हणजे नेम जुळला. अडचण एवढीच, कीं मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य अंधुक होतें. आणि चाळिशी लागलेल्या गृहस्थाला तर माशीच दिसेनाशी होते.

यावरील युक्ति डब्लिनचे दुर्बिणकार हॉवर्ड ग्रब यांस सुचली व १९०० सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. पुणेकरांना हें नांव अगदींच परकें नसावें. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत उभारलेल्या वेधशाळेची २० इंची दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यांतली. १९१२ मध्यें वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. असो. युक्ति अशी, कीं नेमाची खूण कांचेंत प्रतिबिंबित करून ती जणू अनंत अंतरावर आहे असें भासवावयाचें. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून केवळ लक्ष्याकडे पाहावें. खूण त्यावर उमटलेली दिसते. पुढें १९७५ च्या सुमारास स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीनें या खुणेला विजेचा तांबडा ठिपका केलें, आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घराच्या रक्षणासाठीं रायफल बाळगणारे पुष्कळजण आज हाच ठिपका पसंत करितात.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा व त्याची २०१९ ची दुरुस्ती यांमुळें सामान्य परवानेदारास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. तिकडे बंदुकांचा संग्रह हा पुष्कळांचा छंद आहे. परंतु संग्राहक आणि रक्षक या दोन भूमिकांची गल्लत तेथें फार होते. जुन्या लष्करी रायफलीवर नवी दुर्बीण बसविण्यासाठीं पोलादाला भोकें पाडलीं, कीं संग्राहकाच्या लेखीं तिचें मोल उतरलें. उलट, अंधारांत चमकणाऱ्या ट्रिटियमच्या माशीचें तेज सुमारें बारा वर्षांत निम्म्यावर येतें. ती जपून ठेवली तरी विझतच जाते.

ठिपका कोणता घ्यावा यावर तिकडे हिरिरीनें वाद होतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. रात्रीं घरांत खुट्ट झालें तर अंतर असतें दहापंधरा फुटांचें. तेथें प्रश्न नेमाचा नसून समोरची आकृति कोणाची, हा असतो. ती उशिरां परतलेल्या मुलाची असूं शकते. नेमबाजीचे अमेरिकन शिक्षक जेफ कूपर यांच्या चार नियमांपैकीं एक हाच, कीं लक्ष्य काय आहे व त्याच्या मागें काय आहे याची आधीं खात्री करावी. ती खात्री ठिपका देत नाहीं, उजेड देतो.

म्हणून रायफलीवर विजेरी बसवितात. पण त्या विजेरीनें जें पाहावें त्याकडे नळीचें तोंडही वळतें! अशा वेळीं झोत जमिनीकडे वळवावा. परतलेल्या प्रकाशांत खोली पुरेशी दिसते. अतिप्रखर झोत मात्र पांढऱ्या भिंतीवरून उलटून स्वतःचेच डोळे दिपवितो. त्याहून बरें म्हणजे उशाशीं हातांतली एक वेगळी विजेरी ठेवावी, आणि बंदूक उचलण्यापूर्वीं मोठ्यानें हांक मारावी. मुलगा असेल तर तो ओ देईल.