वाफसा आणि डिझेल

मंडळी, पुणे–सातारा हायवेला लागून राहणाऱ्या शिवऱ्याच्या लोकांना सांडलेलं डिझेल कसं दिसतं, हे सांगायची गरज नाही. वळवाचा पाऊस झाला की गॅरेजपुढच्या डबक्यावर रंगीत तवंग येतो आणि पाणी ओढ्याकडे वाहू लागतं. मागं जे मातीत मुरतं, त्याचं काय होतं? आज तेवढंच बोलू.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतल्या स्युडोमोनास, बॅसिलस, ऱ्होडोकॉकस अशा प्रजातींतल्या काहींना डिझेल पचतं. डिझेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. जिवाणू साखळीच्या टोकाला हवेतला ऑक्सिजन जोडतो, तिचं आम्ल करतो आणि मग दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत जातो. उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि वाढलेले जिवाणू. सरळ साखळ्या लवकर संपतात. अनेक कड्यांची संयुगं चिवट निघतात.

आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञानं अमेरिकेत अनेक जिवाणूंचे तेल पचवण्याचे गुण एकाच जिवाणूत आणले. त्या जिवाणूच्या पेटंटचा निकाल 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूनं लागला. गंमत अशी, की एवढा गाजलेला जिवाणू समुद्रावर सोडलाच गेला नाही. 1989 मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल अलास्काच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा तिथं खत टाकून किनाऱ्यावरचेच जिवाणू वाढवले. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलीजिया ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल सांडलं. तेव्हाही किनाऱ्यावर ‘टेरी’ संस्थेचं ऑइलझॅपर वापरलं. तेही निसर्गातूनच निवडलेल्या जिवाणूंचं मिश्रण.

खत कशाला? उसाचं पाचट नुसतंच गाडलं की पीक पिवळं पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात. डिझेलमध्ये तर नत्र-स्फुरद जवळपास नसतंच. म्हणून डिझेल मुरलेली माती उकरून जाड प्लॅस्टिकवर वीतभर थरात पसरायची, मुरलेलं शेणखत आणि थोडा युरिया मिसळायचा, अधूनमधून खालीवर करायची. ओल वाफशाइतकीच हवी. चिखल झाला की हवा कोंडते, पार सुकली की काम थांबतं. वर छप्पर हवंच, नाहीतर पाऊस सगळं ओढ्यात नेईल. कामाला आठवडेच नव्हे, महिनेही लागतात. जिवाणूंच्या पाकिटातल्या पावडरीपेक्षा ही निगराणी महत्त्वाची, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलची गोष्ट वेगळी. त्यात झिजलेल्या भागांतले धातू असतात, आणि धातू कुठलाही जिवाणू संपवू शकत नाही. तो मातीतच राहतो. काळं ऑइल कायद्यानंही घातक कचऱ्यात मोडतं. तेव्हा गॅरेजवाल्या मंडळींना एवढीच विनंती: ते धूळ बसवायला अंगणात शिंपडू नका, ओढ्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्या.