माळ्यावरचे घुंगरू
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'चाळिशीनंतर नाच' असा विषय मला दिला आहे. खरं तर मी अडतिसाव्या वर्षी सुरुवात केली, पण शीर्षक चांगलं आहे म्हणून राहू दे. दिवसभर मी सॉफ्टवेअर लिहिते आणि गेली आठ वर्षं आठवड्यातून दोनदा कथकच्या क्लासला जाते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये उंचीमुळे मी कायम शेवटच्या रांगेत असायची, हे बाईंना आठवत असेल. तिथून स्टेप्स फारशा दिसायच्याच नाहीत.

आमच्या क्लासमध्ये साडेसहाच्या बॅचला आठ-नऊ वर्षांच्या मुली असतात, विशारदची तयारी करणाऱ्या कॉलेजच्या मुली असतात आणि आम्ही चार बायका. खाली शहाबादी फरशी. पूर्वी पेटीवर कुणीतरी लेहरा धरायचं, आता मोबाईल धरतो. सुरांचा तोच तुकडा सोळा मात्रांत फिरत राहतो. ताई म्हणतात, "तत्कार." ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. छोट्या मुली आणि आम्ही बायका बराबरीच्या लयीत, मध्यमावाल्या दुगुनीत, विशारदवाल्या चौगुनीत. बोल तेच, ताल तोच, आणि सोळा मात्रा संपल्या की सगळ्यांचा पाय एकदमच समेवर पडतो. कमीजास्त अनुभवाची माणसं एका कामावर बसवायला ऑफिसात किती मीटिंगा लागतात, हे इथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक आहे. तिथे एक लेहरा पुरतो.

माझ्यासारखीला लगेच आवडली ती तिहाई. एकच तुकडा तीनदा घ्यायचा आणि शेवटचा बोल समेवर आणायचा. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा रिकामी, पुन्हा पाच, एक रिकामी, पुन्हा पाच. झाल्या १७. तीनताल सोळाचा, म्हणजे सतरावी मात्रा ही पुढच्या आवर्तनाची सम. झपताल दहाचा, तिथे तीन-एक-तीन-एक-तीन, ११. गणिताचे सर इथे बसले आहेत म्हणून सांगते, हे मी कागदावर दोन मिनिटांत सोडवलं आणि पायात यायला पाच महिने लागले.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही देते आहे. प्रारंभिकच्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा शेजारच्या चिमुरडीनं विचारलं, "काकू, तुमची मुलगी आत गेली का?" तिला सांगितलं की मीच आत जाणार आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पढंत पाठ आहे ना?" पढंत म्हणजे हातावर ताल धरून बोल तोंडानं म्हणायचे. शेवटच्या रांगेत राहून पाय लपवता येतात, पढंतीत काही लपत नाही.

आता फिल्मी नाचाबद्दल. हा शब्द पुण्यात थोडं नाक वर करून उच्चारतात. आपल्या मेळाव्यासाठी नाच बसवायचं ठरलं, तेव्हा ग्रुपवर दोन दिवस हाच वाद चालला की 'काहीतरी क्लासिकल करू या, फिल्मी नको.' रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि कथक या शहराच्या मध्यमवर्गीय घरांत आणलं. त्या शिकल्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे. त्याच लच्छू महाराजांनी 'मुघल-ए-आझम' आणि 'पाकीजा'मधले नाच बसवले. मनीषाताई साठे गोपीकृष्णांच्या शिष्या, आणि १९५५च्या शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'चे नायकच गोपीकृष्ण. त्यात त्यांच्यासमोर नाचणाऱ्या संध्या काही लहानपणापासून घडलेल्या नर्तकी नव्हत्या, त्या चित्रपटासाठी शिकल्या. म्हणजे पडद्यावरसुद्धा उस्ताद आणि नवशिकी एका गाण्यात होतेच की!

फरक आहे, नाही असं नाही. फिल्मी नाच आपण आठांच्या मोजणीत, आरशात बघून शिकतो, आणि रेकॉर्ड केलेलं गाणं कुणासाठी थांबत नाही. एक स्टेप चुकली की पुढची निघून गेलेली असते. लेहरा फिरून येतो. या आवर्तनात सम हुकली तर सोळा मात्रांनी दुसरी येते. शिकताना मला लेहरा जास्त दयाळू वाटतो. पण गाण्यात शब्द असतात आणि शब्दांना चेहरा आपोआप साथ देतो, हे माझ्यासारख्या लाकडी चेहऱ्याच्या बाईला फार उपयोगी पडलं.

शाळेत असताना आपल्यातल्या कितीजणी नाचाच्या क्लासला जात होत्या, ते मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. बहुतेकींचा क्लास नववीच्या परीक्षेनंतर सुटला. दहावीचं वर्ष, मग बारावीचं, मग लग्न, मुलं, मुलांची दहावी. त्यांतली एक, मध्यमा पूर्ण झालेली आणि गॅदरिंगला पहिल्या रांगेत मधोमध असणारी, जूनमध्ये माझ्याबरोबर क्लासला आली. तिच्या आईनं घुंगरू माळ्यावर मिठाईच्या डब्यात जपून ठेवले होते. दोरी कुजली होती, ती बदलून घेतली. पहिल्याच दिवशी तिचा हात वर गेला, मागोमाग नजर गेली, आणि आठ वर्षांत मला जे जमलं नाही ते समोर उभं राहिलं. मग चक्कर सुरू झाले. तिसऱ्या चक्करला ती भिंतीला टेकून खाली बसली. रिक्षात म्हणाली, "मला सगळं येतंय आणि काहीच होत नाहीये." नंतर दोन आठवडे आली नाही.

मी माझी तुलना गेल्या महिन्यातल्या माझ्याशी करते. तिच्यासमोर एक चौदा वर्षांची मुलगी उभी असते, आणि ती मुलगी फार चांगली नाचत असते. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत सगळ्या पायऱ्यांना नावं आहेत, या पायरीला नाही. आणि आपल्या वयाच्या सगळ्यात जास्त बायका याच पायरीवर थांबलेल्या आहेत, असं मला दिसतं.

ताईंनी तिला फोन केला आणि म्हणाल्या, "नाचू नकोस, नुसती पढंत करायला ये." ती आली. मांडी घालून बसली, हातावर ताल धरला आणि एक अख्खा परण म्हटला, तीस वर्षांपूर्वीचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. विशारदच्या मुली थांबून ऐकत राहिल्या. महिनाभर तिनं पढंत आणि बराबरीचा तत्कार एवढंच केलं. आता दुगुन येते. गुडघ्याला पट्टा आहे आणि चक्कर पाचच घेते.

आपला आजचा नाच याच हिशेबानं बसवला आहे. गाणं फिल्मी आहे, वाद मिटला. ध्रुवपदात ज्यांनी कधीच काही शिकलं नाही ते सगळे आहेत, तीन मुलगे धरून. बराबरीची पावलं आणि हात, बस्स. अंतऱ्यात माळ्यावरून घुंगरू काढलेल्या पाच जणी दुगुनीत. दुसऱ्या अंतऱ्यानंतर गाणं मध्येच थांबेल. सिस्टीम बंद पडलेली नाही, कुणी उठून वायर तपासायला जाऊ नका. तेव्हा तीनतालाची दोन आवर्तनं ती माईकवर पढंत करणार आहे. अकरा मात्रांचा तुकडा तीनदा, ३३, आणि तेहतिसाव्या मात्रेवर आम्ही सगळ्यांनी एकदम पाय टाकायचा आहे. काल तालमीत चौदापैकी अकरा जणांचा पडला.