कोशात निजलेले शब्द



उचगावात कुणालाही घोडा दाखवा, तो घोडाच म्हणेल. पण आपले पंडित कवी त्याला हय म्हणत, तुरग म्हणत, वाजी म्हणत. हे सारे शब्द संस्कृतातून उसने आणलेले. ही निव्वळ पांडित्याची हौस होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मोरोपंतांचा जन्म १७२९ साली आपल्या पन्हाळ्यावरचा. आर्या हे त्यांचे लाडके वृत्त, आणि आर्येत मात्रांचा हिशेब चोख लागतो. हय दोन मात्रांचा, तुरग तीन, वाजी चार. जेवढी जागा, तेवढा शब्द! वृत्तांचे राज्य सरले आणि हे शब्द कोशात जाऊन निजले.

इटलीतही हेच घडले. इटालियन ही लॅटिनची लेक. तिच्या कवींनी आईच्या पेटीतले दागिने पुन्हा काढले. लॅटिनमधला ‘इग्निस’ हा आपल्या अग्नीचा भाऊबंद. त्यावरून घेतलेला ‘इन्ये’ दान्तेच्या काव्यात आहे, बोलण्यात नाही. तिथे आगीला ‘फुओको’ म्हणतात, आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या चुलीच्या शब्दात आहे. पोथीतला विस्तव विझला, चुलीतला राहिला.

मग उसना शब्द जगतो कशाने? १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सरनौबताचा सेनापती झाला, सुरनिसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. सेनापती आणि सचिव यांना पुढेही काम मिळाले, ते जगले. सुमंत आडनावापुरता उरला. अमात्य आपल्याकडे ओळखीचा आहे तो बावड्याच्या जहागिरीमुळे. सावरकरांनी पुरस्कारलेला ‘दिनांक’ रोजच्या कागदावर आला म्हणून रुजला.

हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु नोटिशीतला शब्द समजला नाही, तर शेतकरी ती घेऊन चार दारे फिरतो, आणि तोवर मुदत टळते. कवितेतला अनोळखी शब्द वाचकाला थोडा वेळ थांबवतो; नोटिशीतला माणसाचा हक्क बुडवतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : कवीने निजलेला शब्द खुशाल जागा करावा. कारकुनाने मात्र लिहिण्यापूर्वी तो आपल्या घरी एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. घरच्यांना कळला, तर गावालाही कळेल.